चिखलात लपवलेला गोटा

आपला नेम साऱ्या रनाळे गावात एक नंबर आहे, असं मी सतराव्या वर्षी मानत होते. चूक मूर्खपणाची, पण हसून सांगण्यासारखी. तिच्या पोटात आणखी एक आहे — ती मात्र मी कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही. देवाला माहीत असेल म्हणा. त्याने कधी विषय काढला नाही, मीही नाही.

आज तुम्हाला सांगते, ते नातीमुळे. सुट्टीत आली की ती मला शेजारी बसवून एक भयंकर मालिका लावते. अडल्यानडल्या माणसांना गोळा करतात, लहानपणीचे खेळ खेळायला लावतात, हरला तो जिवानिशी गेला. आणि वर मऊ खुर्च्यांत बसलेले लोक मजा बघतात. मी डोळ्याला पदर लावला, तर पोर म्हणते, "आजी, बंद करू का?" तिला वाटलं, म्हातारी घाबरली. घाबरेन कशाला? खेळ ओळखीचा वाटला मला — आणि मी कोणत्या बाजूला होते, तेही.

आमच्याकडे आखाजीला — तुमची अक्षय्य तृतीया — लेकी माहेरी येतात. झोके, सांजोऱ्या, डांगराच्या — म्हणजे खरबुजाच्या — गोड फोडी. आणि गौराई बोळवायला नाल्यावर गेलं की खरी गंमत! अलीकडच्या काठावर आम्ही, पलीकडे वस्तीवरच्या पोरी, आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या. सोबत ढेकळं. नियम एकच — ढेकूळ चालेल, दगड नाही. आणि घरी जाताना राग नाल्यातच सोडायचा.

पलीकडे झिमा असायची, आमच्या सालदाराची थोरली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला संपतं, आणि पुढचं ठरतं की नाही तेही त्याच संध्याकाळी. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण डोक्यात तेव्हा माझं नवं लुगडं होतं.

दरवर्षी आमचाच काठ जिंकायचा. पलीकडची ढेकळं आमच्या पायाशी येऊन फुटायची. मला वाटायचं, या पोरींना फेकताच येत नाही. अहो, ज्या दिवसदिवस गोफणीने पाखरं हाकायच्या, त्यांना फेकता येत नाही? दुसऱ्या दिवशी ज्यांना आमच्याच शेतात यायचं, त्यांचं ढेकूळ पायाशीच पडणार. नेमबाज बाईंना हे कळायला फार वर्षं लागली.

त्या वर्षी माझं नुकतंच लग्न झालेलं. झिमाने कमरेवर हात ठेवून आरोळी दिली, "तुन्हा नवरा काना! तो तुले दखस का म्हैसले?" सगळा काठ हसला — आमचासुद्धा. आता, आमचे हे खरोखरच जरासे तिरळे होते. म्हणून तर झोंबलं! मी खाली वाकले. आणि ढेकूळ — ढेकूळ नाही उचललं. गोटा उचलला. मुठीत मावेल एवढा. वरून चिखल थापला, म्हणजे ढेकूळ दिसावं. नुसता राग असता तर एवढं सुचलं असतं का?

नेम बसला. भुवईवर. झिमा मटकन खाली बसली, बोटांतून रक्त.

माझी काकू धावत आली. "कोनी मारं व?" मीच बोलले, अगदी खणखणीत — "कोन्हीच नही. ती सोताच घसरनी."

काकूने झिमाकडे पाहिलं. झिमाने माझ्याकडे. मग म्हणाली, "हां. मीच घसरनू."

संध्याकाळी तिच्या बापाचं साल पुन्हा आमच्याच घरी ठरलं. मी ओट्यावर सांजोरी खात होते आणि मनात म्हणत होते, किती भोळी ही, माझ्यासाठी खोटं बोलली! माझ्यासाठी, म्हणे. खुळी कुठली — मी हो, ती नव्हे.

डोळा वाचला. भुवई मात्र अर्धीच राहिली.

पुढच्या आखाजीला ती आमच्या निंबाखाली मला झोका देत होती. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. तिच्याकडे पाठ होती, म्हणून बोलले. माफी मागायची होती, आणि बाहेर काय पडलं? चेष्टा! "एवढी चपळ तू, मंग वाकनी का नहीस व?"

ती गप्प राहू शकली असती. जोरात ढकलूही शकली असती. तिने खरं ते सांगितलं, एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं — आणि त्याबद्दल मी रोज दिवा लावताना तिचं नाव घेते. ते ऐकलं नसतं तर मी जन्मभर त्या ओट्यावरच सांजोरी खात राहिले असते. पुढे माझ्या लेकरांना पहिलं न्हाऊ घातलं ते तिच्याच हातांनी. मी मात्र काठावर उभी राहून खरं कधीच बोलले नाही. काकू गेली, ती झिमा घसरली असंच समजून.

झोका न थांबवता झिमा म्हणाली होती,

"माले दखायना व्हता तुन्हा हातमा गोटा. मी वाकी जाती व, पन मन्हा मांगे धाकली बहीन उभी व्हती."