अर्ध्या तासाचं विमान आणि चार खाड्या

अर्धा तास! भावाच्या पत्रातले ते दोन शब्द वाचून माझं डोकंच फिरलं. माझं लग्न ठरलं होतं, शिरोड्याला, आमच्याच अंगणात, गोरज मुहूर्तावर. नवऱ्याचा कान पिळायला पाठचा भाऊ हवा, आणि मला तो एकच. होडी सोडून बेळगावला कचेरीत चिकटला, त्यावरून बाबांशी दोन वर्षं अबोला. रजा एका दिवसाची, म्हणून लग्नाच्या सकाळी विमानाने येणार म्हणे. बेळगाव ते गोव्यातला दाबोळीचा विमानतळ साठ-सत्तर मैल, अर्ध्या तासाचं काम.

मला ही शुद्ध थाप वाटली. यायचं नाही, आणि नंतर खापर विमानावर फोडायचं! आमच्या गावातलं तोवर कोण विमानात बसलं होतं?

बाबांना पत्र वाचून दाखवलं. जाळं विणता विणता ते दाबोळीपासून आमच्या गावापर्यंतच्या खाड्या बोटांवर मोजू लागले. "झुआरी, मांडवी, शापोरा, तेरेखोल. इमान तेका दाबोळीक ठेयतला. फुडच्यो चार खाडयो तेका कोण पार करून घालतलो? तेचो बापूस?"

लग्नादिवशी उजाडताना बाबा वल्हं खांद्यावर टाकून निघाले. पोरीच्या लग्नात मासेमारी? मी तोंड उघडलं तर आईने दंडाला चिमटा काढला. "गप गो! होडयेर जातल्याक खंय म्हणान इचारू नये." पाण्यावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारलं की अपशकुन, असं आमच्याकडे मानतात.

दुपार झाली तरी बाबांचा पत्ता नाही. मग माझ्या मनाने घेतलंच. हे त्याला खाडीवर गाठून परत धाडायला गेले! दोन वर्षांपूर्वी त्याला म्हणालेच होते, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको म्हणून. असा संताप आला की मुंडावळ्या ओढून फेकाव्यात. मामी म्हणाली, चुलतभाऊ कान पिळेल. मी म्हटलं, "मग नवरीही चुलतच बघा!"

उन्हं कलली आणि माडांखालून दोघे आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. भाऊ हसत होता की रडत होता, कळेना.

"अर्ध्या तासात उतारलंय गो. मगे सगळो दीस खाडयांत गेलो. तेरेखोलच्या काठार केरीक पोचलंय तर ओहोटी लागलेली, बोट बंद. आणि थंय बाबा होडी घेवन बसलेले. सकाळपासून."

बाबांनी वल्हं भिंतीला टेकवलं. आईला म्हणाले, "माका धोतर दी," आणि आत गेले.

भावाने नवऱ्याचा कान असा पिळला की तो "आई गं!" म्हणून ओरडला. कन्यादानाला बाबांनी माझा हात हातात घेतला. धोतर बदललं होतं, पण हाताला खाऱ्या पाण्याचा वास तसाच होता. तिथेच त्यांची माफी मागावी असं फार वाटलं. मागितली नाही. कशाक गो, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मला ते सांगावं लागलं असतं.