बदलापूरच्या आघाडीवरचा डबा

अलिबागहून निघताना डोक्यात एकच बेत होता, बदलापूरच्या ताईला युद्धातून उचलून घरी आणायचं. तिचं घर उल्हासनगर आणि अंबरनाथ या दोन दोस्त राष्ट्रांच्या तळांच्या बरोबर मध्ये आहे. इंग्रज गेले तेव्हा गावोगावी राष्ट्रं झाली, त्याची फळं आपण सगळेच भोगतोय. पण आघाडीच ओट्यावर आलेली माझी बहीण एकटीच.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गल्लोगल्ली मशिनं घरघरत होती. सैन्याच्या जीन्सचे ढीग फुटपाथवर आले होते. "बॉर्डर, बॉर्डर! एक सीट!" शेअर रिक्षावाला ओरडत होता. मी अर्धा आत, अर्धा बाहेर असा युद्धावर निघालो.

अंबरनाथच्या नाक्यावर सुभेदारांनी सलाम ठोकला, तो एका हाताने. दुसऱ्या हाताने त्यांनी पँट धरली होती. मागे सगळी पलटण तशीच उभी.

"पँटी उल्हासनगर देतं," ते म्हणाले, "पण बटणं स्वतःकडे ठेवतात. लढाईच्या दिवशी देऊ म्हणतात."

"कमाल आहे!"

"कमाल कसली? त्यांना तोफगोळे आम्ही देतो, त्यांच्या वाती आमच्या खिशात."

शत्रू म्हणजे घाटावरची फौज. ती बारवीच्या डोंगरात बसून हे दोघे कधी भांडतात याचीच वाट बघते.

ताईचं घर भातखाचरांच्या कडेला आहे. ओट्याच्या डावीकडे अंबरनाथ, उजवीकडे उल्हासनगर. चहा व्हायच्या आत मी म्हणालो, "ताई, बॅग भर."

"आज कशी येऊ? डबा अंबरनाथकडे आहे."

मग तिने सांगितलं. उल्हासनगरने एकदा स्टीलच्या डब्यातून सईभाजी (डाळ-पालकाची सिंधी भाजी) पाठवली. भरून आलेला डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही, म्हणून अंबरनाथने वडे पाठवले. त्यावर कोकी (जाड सिंधी पोळी) आली. तेव्हापासून डबा ओट्यावरून ये-जा करतोय. आपल्याकडे डबा असताना तळ हलवायची दोघांनाही लाज वाटते, आणि म्हणून ताईचं घर उभं आहे.

दुपारी सुभेदारांनी डबा ओट्यावर आणून ठेवला. डबा रिकामाच होता, त्यात घालायचे वडे अजून तळायचे होते. ताई विहिरीवर गेली होती. मी आपला डबा घासला, पुसला आणि उल्हासनगरच्या हवालदाराच्या हातात दिला. नको तिथे शहाणपणा करायची माझी खोड जुनीच.

त्याने झाकण उघडलं. "खाली? साईं, अंबरनाथने खाली डब्बा भेजा? मतलब दोस्ती खतम?"

उजवीकडचे तंबू उतरायला लागले. तेवढ्यात डोंगरात शिट्ट्या वाजल्या.

ताई कळशी टाकून धावत आली. "माझ्या भावाने घासला हो तो! शिकलाय पुष्कळ, पण वळण नाही."

"सब ठीक, ताई. पर डब्बा तो खाली है ना."

"सुभेदार, घाला काहीतरी! असेल ते घाला!"

वडे कढईत कच्चेच होते. सुभेदारांनी मोकळ्या हाताने खिसे चाचपले. हाताला लागल्या त्या वाती. त्यांनी डोळे मिटले आणि मूठभर वाती डब्यात टाकल्या.

हवालदाराने एकेक वात मोजली. मग डबा घेऊन आत गेला. आता त्यालाही तो रिकामा परत करता येईना. थोड्या वेळाने डबा खुळखुळत आला. आत बटणं होती.

अंबरनाथच्या फौजेने त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. तंबू पुन्हा उभे राहिले. डोंगर गप्प झाला.

"आता तरी चल," मी म्हणालो.

"आता तर मुळीच नाही. दोघांना सगळं मिळालं, कोणाचं कोणावाचून अडत नाही. आता नुसता डबाच उरलाय." आणि ती ओरडली, "सुभेदार, वड्यांचं काय झालं?"

निघताना तिने माझ्या हातात आंबोळ्यांचा एक डबा ठेवला. "परत आण हो," एवढंच म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला, आणि अंबरनाथ येईपर्यंत मी रिक्षात रडत होतो.

आंबोळ्या कधीच संपल्या. बायकोने काल नारळाच्या वड्या केल्या, मी स्वतः डबा भरून झाकण लावलं. उद्या निघतोय. ताईला आणायला नाही, डबा द्यायला. तो घ्यायला तरी ती तिथे असलीच पाहिजे.