नऊ महिन्यांना सहा दिवस कमी

भाकरी तव्यावर पडली होती, वरून पाण्याचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता, आणि दाराची कडी वाजली.

"उघड गं, माझं हात तेलाचं हायेत," सासूबाई न्हाणीतून ओरडल्या. द्रौपदाबाई नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या, आणि नऊ महिन्यांची स्नेहा आता पायांवर मावत नसल्यामुळे निम्मं पाणी त्यांच्याच लुगड्यावर जात होतं.

यशोधरानं भाकरी उलटली आणि दार उघडलं. बाहेर कारखान्याच्या ऊसतोड टोळीतली बायडाबाई उभी होती. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होत्या. पाण्याच्या हंड्यासाठी बायडाबाई रोजच यायची, पण तेव्हा ती सरळ नळाकडे जायची, कडी वाजवत नसे.

"बाय, दारातल्या लिंबाचा डहाळा घ्यू का?"

दातांसाठी लिंबाची काडी कुणी विचारून मोडत नाही. डहाळा विचारून नेतात तो एकाच कामासाठी, घरात कुणाला गोवर निघाला की. द्रौपदाबाई नातीला पदरात गुंडाळून बाहेर आल्या होत्या, त्या उंबऱ्याच्या आतच थबकल्या.

"कुणाला निघाला?"

"मधलीला. परवा ताप व्हता, काल सकाळच्याला त्वांड समदं लाल. शेजारच्या कोपीत आजून दोघी हायेत तशाच."

"तू आत व्हय हिला घिऊन," असं म्हणून द्रौपदाबाईंनी स्नेहाला यशोधराच्या हातात दिलं, स्वतः जाऊन डहाळा मोडला आणि बायडाबाईपुढं दगडावर ठेवला. "ने. माझ्या सासऱ्यानं छप्पन साली देव सोडलं, पर लिंब काय कुणी सोडला न्हाई."

यशोधरानं आतूनच विचारलं, "सुई टोचली होती का लेकरांना?"

"कुठली सुई, बाय! दिवाळी झाली की गाव सोडायचं, उन्हाळ्यात माघारी. तिकडची सिस्टर येती तवा आमी हितं, हितली येती तवा आमी फडात."

"उद्या मंगळवार आहे. आमच्या सिस्टर येतील. मी त्यांना कोप्यांवर यायला सांगते. ज्यांना निघाला नाही, त्यांना तरी टोचून घ्या. उद्या दुपारी घरी थांबाल का?"

"मुकादम थांबू देईल तर थांबू," बायडाबाई म्हणाली आणि डहाळा घेऊन गेली.

तोवर भाकरी करपली होती. यशोधरानं ती स्वतःच्या ताटाला ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली.

यशोधरा अवसरी बुद्रुकची. बारावी झाली, नर्सिंगला जायचं मनात होतं, पण पाठच्या दोन बहिणी होत्या आणि स्थळ चांगलं आलं. नवरा बुद्धभूषण पारगावच्या साखर कारखान्यात वायरमन. राहिलेल्या शिक्षणाचं दुःख ती उगाळत बसली नाही. पण एक सवय राहिली: जे जे घडायचं ते तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायचं. सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी फळली, लाइट कोणत्या वारी जाणार, सगळं कॅलेंडरवर. वस्तीवरच्या बाया तिला विचारायला यायच्या, "यशोधरा, माझी ती कंबरदुखीची गोळी कवा संपतीया?" आणि ती सांगायची.

सिस्टर त्यांच्या गावात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येत. म्हणजे उद्या, चौदा जानेवारीला. त्या चौकोनात यशोधरानं महिन्यापूर्वीच 'गोवर' असं लिहिलं होतं आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ते प्रश्नचिन्ह सासऱ्यांमुळं होतं.

स्नेहा जन्मली अवसरीला, माहेरी, सुईणीच्या हातून, वीस एप्रिलच्या पहाटे. इकडं वस्तीची भीमजयंतीची मिरवणूक त्या वर्षी वीसलाच होती, कारण चौदाला बँजोवाले मिळाले नव्हते. मिरवणूक निघता निघता अवसरीहून फोन आला. सासरे सोमनाथराव शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, जयंती कमिटीचे अध्यक्ष, निळा फेटा बांधून गाडीच्या पुढं उभे. त्यांनी बँजो थांबवला आणि माइकवरून सांगितलं, "माझ्या घरी लक्ष्मी आली न्हाई, माझ्या घरी नात आली, आन ती जयंतीला आली!" त्यानंतर सगळ्या गावाला नात जयंतीचीच ठाऊक. यशोधरा सव्वा महिन्यानं सासरी आली, तोवर सासऱ्यांनी अंगणवाडीत नाव घालून लसीकरणाचं कार्डसुद्धा आणून ठेवलं होतं. कार्डावर निळ्या शाईत: जन्म, चौदा एप्रिल.

"मामा, वीस होती ना?" ती तेव्हा म्हणाली होती.

"जयंती म्हंजे चौदा," सासरे म्हणाले होते. "मिरवणूक कवा का निघंना."

पुढचे तीन ट्रिपलचे डोस होऊन गेले. त्यात सहा दिवस इकडं तिकडं खपून गेले. गोवराच्या सुईचं मात्र कार्डावर स्पष्ट छापलं होतं: नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कार्डाप्रमाणं स्नेहाचे नऊ महिने उद्याच पूर्ण होत होते. खरे व्हायला सहा दिवस कमी होते.

बुद्धभूषण पहिली पाळी करून चार वाजता आला, ताटावर बसला आणि बायडाबाईची बातमी ऐकून म्हणाला, "मग उद्या देऊनच टाकू. गोवर पार आपल्या लिंबापाशी आलाय."

"नऊ महिने भरले नाहीत तिचे."

"कार्डावर भरलेत की."

"कार्डाला गोवर निघत नाही."

बुद्धभूषणला ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, "सहा दिवसांनी काय आभाळ पडतंय? आन सिस्टरचा हितला पुढचा मंगळवार म्हंजे थेट फेब्रुवारी. तवर पोरीला काय कणगीत घालून ठेवायची?"

"सिस्टरला विचारू. पण विचारायचं म्हणजे खरी तारीख सांगावी लागेल."

आता बुद्धभूषणचा घास हातातच राहिला. गाडेकर सिस्टरांना सांगितलेली गोष्ट चार वाड्यांना कळते, हे त्याला माहीत होतं. गावातली मंडळी गेले नऊ महिने आप्पांना, म्हणजे सोमनाथरावांना, थांबवून विचारायची, "काय अध्यक्ष, नात कशी हाय जयंतीची?" आणि आप्पा दर वेळी चालायचे थांबून उत्तर द्यायचे.

"तू सांग त्यांना," यशोधरा म्हणाली.

"मी? मला ते अजून नववीतला समजत्यात. तूच सांग. तुझं ऐकत्यात."

"माझं ऐकतात ते सिलिंडरच्या बाबतीत."

शेवटी दोघांचं ठरलं ते एवढंच, की उद्या जायचं, तिथं काय ते बघायचं, आणि खात्री झाल्याशिवाय सुई द्यायची नाही. आप्पांना कुणी सांगायचं, हे ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात संक्रांत असूनही दहा-बारा बाया जमल्या होत्या. सिस्टरांचा बर्फाचा डबा टेबलावर होता. स्नेहाला सुईला न्यायचं काम सोमनाथरावांचं. प्रत्येक डोसाला ते धुतलेली टोपी घालून, नातीला खांद्याशी धरून, रांगेत बायांच्या बरोबरीनं उभे राहत. आजही राहिले. यशोधरा मागं होती. आल्या आल्या तिनं सिस्टरांना कोप्यांवरच्या तीन पोरींचं सांगितलं. सिस्टरांनी वहीत नोंद केली, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "इथलं उरकलं की जाते. मुकादमाला निरोप धाडा कुणीतरी."

पुढं ठकूबाई नातवाला घेऊन होती. सिस्टरांनी कार्ड बघितलं.

"ह्याला आठ महिने चोवीस दिवस झालेत, मावशी. आज नाही."

"आवं गोवर आलाय म्हनं! द्या की टोचून. गोवर काय तारीख इचारून येतोय व्हय?"

बाया हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. "आईची ताकद असते लेकराच्या अंगात, नऊ महिन्यांपर्यंत. त्याच्या आत दिली तर लस नीट लागत नाही. आणि कार्डावर मी एकदा 'दिली' म्हणून लिहिलं, की परत कुणी देणार नाही. तुम्ही समजणार झालं, आणि पोर राहणार तसंच उघडं. पुढच्या मंगळवारी मी नदीकडच्या वाडीला असते. तिथं आणा. तोवर कोप्यांकडं फिरकू नका."

"म्हंजे पाच किलोमीटर तंगडतोड," ठकूबाई कुरकुरली, पण बाजूला झाली.

यशोधराला जे विचारायचं होतं ते न विचारता कळलं होतं. तिनं सासऱ्यांकडं बघितलं. ते समोरच्या बर्फाच्या डब्याकडं बघत होते.

सिस्टरांनी स्नेहाचं कार्ड उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "चौदा एप्रिल! अध्यक्ष, आजच नऊ भरले की! मुहूर्तावर आणलीत." त्यांनी सुई भरायला घेतली.

"सिस्टर," यशोधरा पुढं झाली, "आज नको. पुढच्या मंगळवारी आणते. वाडीला."

"का?"

यशोधरापाशी उत्तर होतं, पण ते सांगायचं तर सगळ्यांदेखत सासऱ्यांना खोटं पाडावं लागलं असतं. ती नुसतीच म्हणाली, "आज नको."

"अगं, गोवर दाराशी आलाय म्हणून तूच मला सांगितलंस! बाकीच्यांना उपदेश, आणि स्वतःची पोरगी पुढच्या आठवड्यावर?"

"शिकल्याली सून केली की आसंच," मागून ठकूबाईनं संधी साधली. "आमच्या नातवाला द्या म्हनलं तर देत न्हाईत, आन हिला देत्यात तर हिला नगं!"

"संक्रांतीला हळदी-कुंकवाला जायचं आसंल," आणखी कुणी म्हणालं. बाया पुन्हा हसल्या. यशोधराला वाटलं, आता मामा म्हणतील, द्या सिस्टर, सुनेचं काय ऐकता. ते म्हणाले असते तर तिला सगळ्यांदेखत तोंड उघडावं लागलं असतं.

सोमनाथरावांनी सिस्टरांपुढं हात केला. त्यांनी कार्ड घेतलं, घडी करून खिशात ठेवलं, टोपी सारखी केली आणि स्नेहाला घेऊन बाहेर पडले.

रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते. दोघं कडेकडेनं चालली.

"बोलनी खाल्लीस," सासरे म्हणाले.

"खाल्ली."

"सांगायचं व्हतंस की खरं."

"तुमच्यादेखत कसं सांगू, मामा?"

त्यांनी एक ट्रॅक्टर पुढं जाऊ दिला. मग म्हणाले, "माझा जल्म कवाचा, ठावं हाय?"

"एक जून."

"ती मास्तराची तारीख. माझी न्हवं. आय म्हनायची, तू झालास तवा बाजरी निसवली व्हती, कणसं भाईर आली व्हती. जूनमधी कुठं बाजरी निसवती? शाळंत घातलं तवा मास्तरनं बाला इचारलं, जन्म कवाचा? बा म्हनला, न्हाई ठावं. मास्तरनं लिवलं, एक जून. वर्गात बत्तीस पोरं, त्यातली वीस एक जूनची. पुढं मी शाळंतच शिपाई झालो, तर दाखल्यांचं रजिस्टर उघडावं तिथं एक जून. रिटायर केलं ते बी त्याच तारखंच्या हिशोबानं." त्यांनी स्नेहाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तवाच मनाशी म्हनलो व्हतो, आपल्या नातवंडाला तारीख आसंल तर अशी, की त्या दिवशी साऱ्या मुलखानं झेंडं लावावं."

यशोधराला पहिल्यांदाच ही गोष्ट कळत होती. घरात आल्याला तीन वर्षं झाली होती आणि दर एक जूनला ती त्यांच्यासाठी शेवयांची खीर करत आली होती. त्यांनी ती दर वेळी मुकाट्यानं खाल्ली होती.

"तुमची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मास्तरांनी लिहिली. हिची आपल्याला ठाऊक आहे. घटका-मिनिटासकट ठाऊक आहे. माझी आई घड्याळ बघत होती."

सासऱ्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. वस्ती दिसायला लागली होती. घरी पोचल्यावर द्रौपदाबाई विचारणार, टोचली का? आणि मग हे बोलणं राहून जाणार, हे तिच्या लक्षात आलं. ती रस्त्यातच थांबली. सासरेही थांबले.

"मामा, वाढदिवस तुम्ही चौदालाच करा, माझी काही हरकत नाही. फक्त येत्या मंगळवारी वाडीला आपण जाऊ, तेव्हा सिस्टरांना तुम्ही स्वतः सांगा, की पोरगी वीस एप्रिलची आहे, आणि कार्डावर तसं लिहून घ्या."