डब्यावरचं खोडलेलं नाव

जळगावच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. भावाची मुलगी इथे मेहरूण भागात माझ्याकडेच राहते आणि माझ्याच वर्गात बसते. वर्गात मॅडम म्हणते, घरात आत्या.

मागच्या महिन्यात एका रोमन सम्राज्ञीचा विषय निघाला. नवऱ्याला तिचा संशय आला, की कोणी त्याचे कान भरले, देव जाणे. तापवलेल्या न्हाणीघरात कोंडून त्याने तिला मारलं, असं सांगतात. मग दगडादगडावरचं तिचं नाव छिन्नीने खरवडून टाकलं. पुढे तिचीच पोरं गादीवर बसली, पण त्यांनीही ते परत कोरलं नाही.

छिन्नी मारणाऱ्याला काही वाटलं नसेल का, असं भाचीने विचारलं. तो हुकमाचा ताबेदार, असं सांगून मी फळा पुसला.

आमच्या पारोळ्याच्या घरात हेच झालं होतं. भाची तीन वर्षांची असताना गावात वहिनीबद्दल काहीबाही उठलं. शहानिशा न करता तिला पिंपळनेरला माहेरी धाडलं, पोरगी ठेवून घेतली. "आते या घरमा तिनं नाव कोणी काढानं नही," आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. तिचं नाव घ्यायलाही बंदी झाली. पण लग्नातल्या भांड्यांवर तिचं नाव घातलेलं होतं. ती पोत्यात भरून मी बाजारात नेली आणि नाव घालणाऱ्यासमोर बसून एकेक नाव त्याच्या मशीनने खोडून घेतलं. मला कोणी सांगितलंही नव्हतं. आबांची शाबासकी हवी होती, दुसरं काय? दोन वर्षांत वहिनी तापाने गेली. तिच्या अंत्यविधीलाही आमच्यातलं कोणी गेलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

वर्गात तो विषय निघाला त्या संध्याकाळी भाचीने पारोळ्याच्या घरातूनच आलेला पोळ्यांचा डबा समोर ठेवला. झाकणावरच्या खरखरीत पट्ट्यावरून ती बोट फिरवत होती.

"इथे आईचं नाव होतं ना, आत्या?"

मी मान हलवली.

"कोणी खोडलं?"

आबांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. ते आता हयात नाहीत.

"मी," मी म्हणाले.

ती रडली नाही, भांडली नाही. पोळ्या ताटात काढल्या, डबा घासून पुसला आणि आपल्या कपाटात ठेवला. मग माझं ताट वाढलं.

"जेवून घ्या, मॅडम," ती म्हणाली.

तेव्हापासून घरातही मी मॅडमच आहे.