बटणापुरतं भोक

आमच्या कोथरूडच्या घरात नवी वस्तू आली की वडील आधी तिचं माप घेत. मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर. कॉम्प्युटरच्या डब्यालाही त्यांनी सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडाचं कव्हर शिवलं, समोर बटणापुरतं भोक ठेवून.

काही दिवसांतच पडद्यावर रंगीत पट्टे उमटू लागले, अक्षरांचा भुगा व्हायला लागला. मी कव्हर काढून डबा स्कूटरवरून दुकानात न्यायचो. दुकानदार दर वेळी म्हणायचा, "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतोय. तुम्ही घरी काय करता त्याला?" घरी आणला की पुन्हा पट्टे. मॉनिटर बदलून पाहिला, वायर बदलली, डोकं फिरायची वेळ आली. शेवटी चिडून डब्यावर थाप मारली, तर कापडातूनही चटका बसला. चित्र उमटवणारं कार्ड आत अक्षरशः शिजत होतं. कव्हर काढलं, पट्टे गेले.

"बाबा, हे पुन्हा घालायचं नाही! आत गरम होतं!"

"ओरडतोस कशाला? आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी डब्यावर नवं कव्हर होतं, मलमलीचं.

"उन्हाळ्यापुरतं," वडील म्हणाले. "थंडीत जुनं घालू."