भिंतीशी उभी आई

जिल्ह्याच्या मैदानावर क्रीडा वसतिगृहासाठी बास्केटबॉलची निवड चालली होती. मी शिकवत असलेल्या वर्गातल्या रूपालीला चेंडू अजून नीट धरताही येत नाही, पण उडी मात्र विलक्षण. निवडीचे सर म्हणाले, "पोरगी कच्ची आहे. उंची अजून किती वाढेल, ते आईवरून बघू. उभं करा त्यांना भिंतीशी."

रूपालीची आई भिंतीला टेकली. साडीच्या काठाखाली तिच्या टाचा हळूच उचलल्या गेल्या.

"ताई, टाचा खाली!"

"खालीच हायेत की, सायेब."

माझ्या मनात आलं, उद्याचं माणूस आज कसं मोजायचं? आमच्या घरात कुणीच शिकलेलं नव्हतं, तरी मलाही कुणीतरी नुसत्या अंदाजानं कॉलेजात धाडलं होतं. सर टेप घेऊन वाकले, तेव्हा माझ्याही टाचा जमिनीवर नव्हत्या.