दिलीपच्या पिकअपचं इंजिन आणि माझा लाल टॅग

आमच्या घराण्यात इंजिनाबाबत शेवटचा शब्द माझा असतो. कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढलेला दुसरा माणूस घरात नाही, आणि जे होते, म्हणजे आमचे बाबा, ते आता वाद घालायला नाहीत.

म्हणून धाकट्या भावाच्या, दिलीपच्या पिकअपनं ओव्हरब्रिज चढताना काळा धूर ओकत जीव सोडला, तेव्हा तो थेट कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहात माझ्याकडं आला. मागून त्याची बायको वनिता.

"भाऊ, इंजन गेलं. मिस्त्री म्हणते, बदलून टाका."

"मिस्त्री काय म्हणते ते राहू दे. मी काय म्हणतो ते आयक!"

"काय म्हणता?"

"अजून पाह्यलं कुठं मी?"

येत्या रविवारपासून लग्नसराई सुरू होत होती. एका टेंट हाऊसनं दिलीपला अख्ख्या सीझनचं काम कबूल केलं होतं. मंडपाचे बांबू, खुर्च्या, गाद्या, सगळी ने-आण त्याच्याकडं. मालकाची अट एकच: रविवारी सकाळी आठला गाडी दारात, नाहीतर काम दुसऱ्याला. या सीझनवर दिलीपचं वर्षभराचं घर चालतं. गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती (आणि मी ती नेलीही नाही. घोटाळा तिथंच झाला!).

मी रीतसर विचार केला. जुनं इंजिन खोलून दुरुस्त करावं तर चाळीस हजार, आणि खोलल्यावर आतून काय निघेल याचा नेम नाही. रसमड्याच्या एका भंगारवाल्याकडं मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन होतं, ते बसवण्यासकट सत्तर. आणि नवंकोरं घ्यायचं म्हटलं तर त्यात थोडे घालून दुसरी जुनी गाडीच दारात येते. पैसे वनिताच्या भिशीचे होते. ती नुसती माझ्याकडं पाहत होती. ते जास्त जड जात होतं.

"चेसिस कशी हाय?" मी विचारलं.

"ठणठणीत."

"गिअरबॉक्स?"

"मांगच्या साली तुमीच तं बनवला होता."

"मंग तं उत्तमच असन! गाडीत दम हाय. सत्तरवालं इंजन घ्या."

"भाऊजी," वनिता पहिल्यांदा बोलली, "मिस्त्रीनं बी हेच सांगतलं होतं. चार दिवस झाले."

"तो अंदाज होता, वनिता. हा अभ्यास हाय!"

मंगळवारी रसमड्याला जाऊन मी इंजिन सुरू करायला लावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बेअरिंगचा आवाज ऐकला. "घ्या," मी म्हणालो. इंजिन खरंच चांगलं निघालं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

इंजिन जामुलच्या रस्त्यावर त्याच मिस्त्रीच्या, मनहरणच्या गॅरेजला पोचलं; बंद पडलेली गाडी तिथंच उभी होती. तिथं मी खिशातून लाल टॅग काढला.

ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनवर काम सुरू असलं की तिच्यावर टॅग लागतो: 'काम चालू आहे. चालवू नये.' ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर माणूस मरू शकतो, म्हणून साक्षात मोठ्या साहेबानंही त्याला हात लावायचा नाही. आमच्या घरात बाबांच्या काळापासून हा नियम मिक्सरलाही लागू आहे (एक मिक्सर त्या टॅगसकट दोन वर्षं फडताळात पडून होता. माझ्या बायकोनं शेवटी पाटा काढला!).

तर स्टिअरिंगला टॅग बांधला, सही केली, गाडीची किल्ली खिशात घातली आणि टॅगसोबत एक फॉर्म लटकवला.

"काम झालं की यावर सही कर. कागद मशीनपाशीच राह्यला पाह्यजे. ट्रायल माझ्यासमोर. आन् फोन करू नको, फोनवरचं काम मी मानत नाही."

मनहरणनं दहा वर्षं ठेकेदाराकडून कारखान्यात काम केलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडून मान हलवली. "ठीक हे, भैया. टेग मतलब टेग."

मग मी घरी बसलो. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहिलं की काम बिघडतं, हा माझा जुना अनुभव. शुक्रवारी दिलीपला राहवेना म्हणून तो लांबून पाहून आला.

"भाऊ, टॅग तं लागूनच हाय."

"म्हणजे काम चालूच हाय!"

शनिवारी पुन्हा तेच. टॅग आहे, म्हणजे काम चालू आहे. "हा मिस्त्री लय ढिला माणूस हाय," मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "जाऊन कावून नाही पाहत?" मी तिला पद्धत समजावून सांगितली. पाऊण तास लागला.

रविवारी सकाळी आठला दिलीप दारात उभा. चेहरा उतरलेला. "भाऊ, गेलं माह्यं काम." एवढंच बोलला. मी तसाच उठलो. स्कूटर काढली, त्याला मागं बसवलं आणि जामुल गाठलं.

मनहरण शांतपणे दात घासत होता.

"क्यों रे, कितना काम बाकी है?"

"काम?" तो चूळ भरून म्हणाला. "काम तो गुरुवार के बन गे हे, भैया. कागद में साइन करके वहीं रख दिया, मशीन के पास. आपकी ट्रायल का रस्ता देख रहा हूँ."

फॉर्म टॅगला लटकलेलाच होता. गुरुवार, दुपारी चार, सही. तयार गाडी तीन दिवस माझ्या टॅगची राखण करत होती! मला लाज वाटली. खरोखर वाटली. टॅग सोडला आणि खिशातली किल्ली काढून दिली. दिलीपनं किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि तो माझ्याकडं न पाहता निघाला. मी धावत जाऊन शेजारच्या सीटवर बसलो.

टेंट हाऊसला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. दुसरी गाडी येऊन उभी होती, तिच्यात बांबू चढत होते. मालकानं घड्याळ दाखवलं.

"काम दुसऱ्याले देल्लं. उशीर कावून झाला?"

दिलीपला खोटं जमत नाही. "गाडी तयार होती जी. पण भाऊनं टॅग लावला होता."

मालक थांबला. त्याचे वडीलही कारखान्यातलेच निघाले.

"लाल टॅग?"

"लाल."

"मंग कसा हात लावन कोणी!" त्यानं दुसऱ्या गाडीतले बांबू उतरवायला लावले. मी छाती काढून पुढं झालो. तर तो दिलीपला म्हणाला, "सीझनचं काम तुलेच. फक्त एक लिहून दे, का ह्या गाडीच्या कामात तुह्ये भाऊ पडणार नाही."

दिलीप एका क्षणात कबूल झाला. पण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही वाचता येत नाही, म्हणून तो कागद मीच लिहिला. खाली साक्षीदार लागत होता. तिथंही मीच सही केली, तारीख आणि वेळ घालून.